तीन ओळींचं अपडेट

फेडोरा लिनक्समध्ये कंपायलरचं अपडेट तपासायला येतं, तेव्हा दिसायला ते अगदी गरीब असतं. स्पेक फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा बदललेला, टारबॉलचा चेकसम बदललेला आणि चेंजलॉगमध्ये एक ओळ: 'नवीन आवृत्ती'. झालं! या तीन ओळींच्या मागे जीसीसी या कंपायलरच्या कोटीभराहून जास्त ओळी दबा धरून बसल्यात, हे तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणूनच चर्चा रंगते ती चेंजलॉगमधल्या तारखेवर. बुधवार लिहिलाय, त्या दिवशी गुरुवार होता! वार चुकला तर पॅकेज बनवणारं आरपीएमसुद्धा 'बोगस डेट' म्हणून बोंब मारतं. त्यामुळे आम्ही सगळे त्या एका बाबतीत फार कर्तव्यदक्ष आहोत.

बाकीच्या पॅकेजांचं बरं असतं. कॅल्क्युलेटर बिघडला, तर एकटा कॅल्क्युलेटर बिघडतो. कंपायलर बदलला की मात्र हजारो पॅकेजं नव्यानं बिल्ड करायची आणि सोसायटीत कडक सेक्रेटरी आल्यासारखी सगळ्यांची जुनी पापं बाहेर यायची. फंक्शन आधी जाहीर न करता वापरायची मुभा सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून 1999 सालीच गेली होती. जीसीसी मात्र पुढची पंचवीस वर्षं फार तर कुरकुर करून सोडून देत असे. 2024 मध्ये जीसीसी 14 आलं आणि कुरकुरीची थेट एरर झाली. मग काय, 'इतकी वर्षं चालत होतं' हा आपला राष्ट्रीय युक्तिवाद जगभरातून ऐकू येऊ लागला.

जे फुटतं ते निदान दिसतं. खरा छळ हिरव्या बिल्डचा. जुन्या पॅकेजातली कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी सोय आहे का ते पाहायला एक चिमुकला प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघते. झाला नाही, तर ती सोय या मशीनवर नाही असं मानते. आता त्या चिमुकल्या प्रोग्राममध्येच 'मेन'च्या आधी 'इंट' लिहिलेलं नसतं. नवा कंपायलर त्याला दारातूनच हाकलतो. स्क्रिप्ट शांतपणे 'नो' नोंदवते आणि पुढे जाते. बिल्ड यशस्वी! फक्त प्रोग्राममधली एखादी सोय गायब. तिचा पत्ता लावायला जुना आणि नवा लॉग शेजारीशेजारी ठेवून 'येस'चा 'नो' कुठे झाला ते शोधत बसायचं. याला ओपन सोर्समध्ये छंद म्हणतात.

रस्ट भाषेच्या कंपायलरची तऱ्हा आणखी न्यारी. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, आणि ती बिल्ड करायला साधारणपणे आदलीच आवृत्ती हवी. मध्ये चार आवृत्त्या राहून गेल्या असतील, तर चारही पायऱ्या चढा. उडी मारायची सोय नाही.

तेव्हा मंडळी, अपडेटनंतर काही मोडलं तर आम्हाला खुशाल शिव्या घाला, आमची ना नाही. फक्त 'चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. शिव्यांसोबत बिल्डचा पूर्ण लॉग जोडा.