ढकलत आनली का बसून?

पंचरवाला हा रस्त्याच्या कडेला, गाडी ढकलत नेता येईल त्याच्या थोडे पलीकडे आढळणारा कारागीर आहे. शब्दकोशात ‘पंक्चर’ असते; पाटीवर ‘पंचर’ किंवा ‘पंच्चर’ असते. मधला क गिळल्यामुळे आजवर कोणाचे चाक अडलेले नाही. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना बडनेरा मागे पडून नांदगाव खंडेश्वर आले की त्याची खूण दिसते: लिंबाच्या फांदीला टांगलेला टायर आणि त्यावर पांढऱ्या पेंटने काढलेली अक्षरे. टायर गोल, त्यामुळे अक्षरे वळत जातात आणि ‘र’ वाचेपर्यंत मान वाकडी होते. गावात खंडेश्वराचे जुने हेमाडपंती देऊळ आहे. परगावचा माणूस देवळाचा रस्ता विचारतो, तोही याच टायरखाली थांबून.

या धंद्याचा मूळपुरुष जनावरांचा डॉक्टर होता. जॉन बॉइड डनलप याने 1888 मध्ये बेलफास्टला पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला. हवा आली तशी गळतीही आली. तेव्हाचा टायर चाकाला चिकटवलेला असे. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असे एक पंक्चर काढायला तीन तास लागले आणि चिकटवलेले वाळायला अख्खी रात्र. वैतागून त्यांनी 1891 मध्ये सुटा होणारा टायर काढला. पंचरवाला नावाचा माणूस खऱ्या अर्थाने त्या दिवशी शक्य झाला, कारण रात्रभर बसून राहणारे गिऱ्हाईक वऱ्हाडातही मिळत नाही. याच कंपनीचा 1898 सालचा टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत पांढरा पुतळा कुठे कुठे हवेच्या टाकीवर बसवलेला दिसतो. त्याचे नाव बिबेंडम. पंचरवाल्याला ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी तो फक्त जेवणखाण बरे असलेला माणूस असतो.

दुकानाचे सामान थोडके असते. हवेची टाकी, तिच्यावरची मोटार, लाइट गेली की लागणारा पायपंप, दोन टॉम्या, कानस, हातोडी, सोल्युशनची ट्यूब, पॅचची डबी आणि पाण्याचे घमेले. घमेल्यातले पाणी बदलत नाहीत, वाढवतात. बसायला एक बाकडे असते आणि त्याचा एक पाय मोडका असल्याने त्याखाली टायरचा तुकडा दिलेला असतो.

काम सुरू होते ते प्रश्नाने. गिऱ्हाईक घामाघूम होऊन गाडी लावते आणि पंचरवाला मान वर न करता विचारतो, “ढकलत आनली का बसून आनली, भाऊ?”

हा प्रश्न तांत्रिक आहे. हवा गेलेल्या चाकावर माणूस बसून आला की रिंग आणि टायर यांच्यामध्ये ट्यूब चेचते, वॉलपाशी फाटते, आणि एका भोकाचे काम ट्यूब बदलण्यावर जाते. पण गिऱ्हाइकाला तो नैतिक वाटतो. म्हणून तालुक्यातला प्रत्येक जण एकच उत्तर देतो: ढकलत. मग टॉमी लागते, टायरची एक कड रिंगेबाहेर येते, आणि चाक न काढताच आतली ट्यूब आतड्यासारखी ओढून काढली जाते. तिच्यावर चार बोटे लांब चीर असते आणि आतून रबराचा काळा भुगा सांडतो. पंचरवाला वाद घालत नाही. ट्यूब उजेडात धरून तो एवढेच म्हणतो, “ढकलता ढकलता फाटली म्हना.”

चीर नसेल तर पुढची पायरी. ट्यूबमध्ये हवा भरतात. आधी वॉलच्या तोंडावर बोटाने थुंकी लावून पाहतात. बुडबुडा आला तर दोष नुसत्या वॉलचा, आणि गिऱ्हाईक स्वस्तात सुटते. नाही आला तर ट्यूब हातभर हातभर घमेल्यात बुडवत नेतात. या वेळी बाकड्यावरची सगळी मंडळी, ज्यांचा त्या गाडीशी काही संबंध नाही तीसुद्धा, पाण्याकडे बघत असतात. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली की तीन-चार जण एकदमच “हे हे हे” म्हणून ओरडतात. पंचरवाल्याला ती आधीच दिसलेली असते. तो तिथे कानसेचा ओरखडा ओढतो आणि उरलेली ट्यूब तरीही बुडवून बघतो, कारण वऱ्हाडातला काटा क्वचितच एका भोकावर थांबतो. “दोन जागी हाये,” हे त्याचे वाक्य गिऱ्हाइकाला नेहमी संशयास्पद वाटते.

ओरखड्याची जागा पुसून कोरडी करायची, कानसेने खरवडायची, सोल्युशन लावायचे आणि थांबायचे. ओल्यावर पॅच बसवला तर तो पुढच्या गावापर्यंतच टिकतो. थांबण्याचे माप घड्याळाचे नसते. सोल्युशन वाळायला आणि पन्नीत खर्रा घोटायला सारखाच वेळ लागतो, असे हा धंदा मानतो. खर्रा न खाणाऱ्या पंचरवाल्याचे पॅच घाईने बसवलेले असतात, असेही बोलले जाते. या वेळेत सरपंच, गुरुजी, बी-बियाण्यांचा एजंट आणि वरातीला उशीर झालेला नवरदेवाचा मामा एकाच बाकड्यावर एकाच इयत्तेत बसलेले असतात. तहसीलमध्ये ज्यांच्यासाठी लोक थांबतात, ते इथे पॅच वाळण्यासाठी थांबतात.

पण पंचरवाल्याची खरी विद्या ट्यूबमध्ये नसून टायरमध्ये आहे. भोक बुजले तरी ते करणारी वस्तू टायरमध्येच रुतलेली असते. ती न काढता गाडी दिली तर गिऱ्हाईक अर्ध्या तासात परत येते, ते भांडायलाच. म्हणून तो टायरच्या पोटात हात घालतो आणि आतली बाजू बोटाने सावकाश चाचपत जातो. डोळे रस्त्यावर, चेहरा नाडी पाहणाऱ्या वैद्याचा. कुठेतरी बोट अडते. तो हात झटकत नाही. बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने पक्कड मागतो. काळ्या रबरातून तिळाएवढे पांढरे टोक बाहेर येते. ते तो तळहातावर घेतो आणि वाचू लागतो.

बाभळीचा काटा सरळ, पांढरट, जोडीने वाढणारा. तो मिळाला म्हणजे गाडी पांदणीने आली, किंवा कोणाच्या कुपाटीला घासून. बोरीच्या जोडीतला एक काटा सरळ आणि एक वाकडा. वाकडा सापडला की माणूस बोरे खायला आडवाटेला थांबला होता. सराटे बहुधा पोरांच्या सायकलीच्या वाट्याला येतात. तुरीचे धसकट म्हणजे माघ-फाल्गुनात तूर कापल्यावर धुऱ्यावरून जायचा कंटाळा करून गाडी सरळ वावरात घातलेली. चपटा खिळा म्हणजे लग्नाचा मांडव, आणि स्टेपलरची पिन म्हणजे ऑफिसचे आवार. अमरावतीला बँकेत गेलो होतो, असे घरी फोनवर सांगणाऱ्या माणसाच्या टायरमधून बाभळीचा ताजा काटा निघतो, तेव्हा पंचरवाला तो काटा नालीत फेकून देतो आणि काही बोलत नाही. धंद्याची ही एक गुप्तता आहे. बाकड्यावरची मंडळी ती पाळत नाहीत.

पंचरवालाच रस्त्यात खिळे टाकतो, हा आरोप पुण्या-मुंबईत जुना आहे. वऱ्हाडात तो टिकत नाही. खिळ्याला पैसे पडतात. बाभूळ तेच काम फुकट करते, शिवाय शेळ्यांना शेंगाही देते.

काम संपताना हवा भरतात. शंभर सीसीच्या गाड्यांना कंपनी पुढे साधारण 25 आणि मागे 28 पौंड हवा सांगते, मागे कोणी बसले तर थोडी जास्त. नवरा, बायको, दोन पोरे, फवारणीचा पंप आणि सोयाबीनचे पोते एकाच गाडीवर बसले तर किती, हे कंपनीच्या पुस्तकात नसते. म्हणून पंचरवाला काट्याकडे न बघता अंगठ्याने टायर दाबतो. “किती भरली?” असे विचारले तर “बरोबर भरली” असे उत्तर मिळते.

मे महिन्यात हा धंदा सर्वांत तेजीत असतो. रस्ता तापतो, जुने पॅच सैल पडतात आणि मागच्या हंगामात केलेले काम आपोआप परत येते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे त्या एवढ्या रुंद रस्त्याचा पंचरवाल्याला काडीचा उपयोग नाही, आणि तो त्याचा विषय निघाला की हवेची टाकी सुरू करतो.

त्याचे खरे दुखणे ट्यूबलेस टायर आहे. त्यात काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गिऱ्हाईक बसूनच येते. पहिला प्रश्न बाद होतो. काटा बाहेरूनच दिसतो. तो ओढायचा, भोकात अरी फिरवायची, सोल्युशन लावलेली रबरी वात सुईने आत ढकलायची, वर उरलेले शेपूट पात्याने कापायचे. पाच मिनिटांत माणूस निघून जातो. त्याला गावात काय चालले आहे ते समजत नाही, आणि गावालाही तो कुठून आला ते समजत नाही. ट्यूबलेसचे पैसे पंचरवाला ट्यूबपेक्षा जास्त घेतो. त्याचे कारण तो सामानाचा भाव सांगतो.

पॅचवर पॅच चढून बाद झालेली ट्यूब मात्र दुकानात पडून राहत नाही. तिच्या पट्ट्या कापतात. त्यातली एक दुधाच्या कॅना गाडीला बांधायला जाते, एक पोरांच्या बेचकीला, आणि बाकीच्या हरभऱ्याच्या दिवसांत स्प्रिंकलरच्या गळक्या पाइपांना गुंडाळायला. पट्टी न्यायला आलेला शेतकरी गाडी उन्हात लावतो, आत येतो, आणि पंचरवाला सवयीने त्याच्या मागच्या चाकाकडे बघतो.