मुद्दाम खराब केलेला रस्ता

बेंटनव्हिल, आर्कान्सा
१२ जून

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "दर रविवारी सायकलीवरून कुठे जाता? गाडी विकली की काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुमच्याकडची लाइट गेली. बरंच झालं. बाबांचा रक्तदाब बघता ही गोष्ट कागदावर, चहा घेत घेत वाचलेली बरी.

गाडी विकलेली नाही. आम्ही सायकल चालवायला गाडीनेच जातो. गाडीच्या पाठीवर एक लोखंडी सांगाडा लावलाय, त्याला चार सायकली बांधायच्या, जंगलाच्या तोंडाशी जायचं, सायकली उतरवायच्या, चिखलातून फिरवायच्या, पुन्हा बांधायच्या, आणि घरी आल्यावर सायकली, गाडी आणि मुलं या क्रमाने धुवायची. बाबा, तुम्ही अ‍ॅटलसवरून लूनावर, लूनावरून बजाजवर आणि बजाजवरून मारुतीवर आलात तेव्हा आळीत पेढे वाटले होते. आम्ही त्याच पायऱ्या उलट्या उतरतोय, आणि प्रत्येक पायरीला डॉलर मोजतोय.

आता खरी बातमी. इथे रस्ता मुद्दाम खराब करतात.

तुमची उभी हयात बांधकाम खात्यात गेली, म्हणून तुम्हालाच सांगते. आपल्याकडे रस्ता चांगला व्हावा म्हणून पैसे मंजूर होतात आणि तो खराब होतो. इथे तो खराब व्हावा म्हणूनच मंजूर होतात. आणि मग तो ठरल्या जागी, ठरल्या मापाने, ठरला तितकाच खराब होतो. वाटेत धोंडा नसेल तर यंत्राने उचलून आणून बसवतात. सरळ वाट सापडलीच तर तिला वळणं घालतात. उंचवटे करतात, उड्या मारायला धक्के बांधतात. सुरुवातीला पाटी असते: हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा चौकट म्हणजे अवघड, आणि दोन काळे चौकट म्हणजे विम्याचे कागद घरी ठेवून या. ही खुणांची पद्धत बर्फावर घसरणाऱ्यांकडून उचललेली आहे. आपल्याकडच्या रस्त्यांना अशा पाट्या लावायच्या झाल्या तर काळा रंग कमी पडेल, पण ते असो.

हे सगळं कुणाचं डोकं, तर सॅम वॉल्टनच्या नातवंडांचं. या माणसाने १९५० साली बेंटनव्हिलच्या चौकात एक साधं दुकान काढलं, आणि पहिलं वॉलमार्ट १९६२ मध्ये शेजारच्या रॉजर्स गावात उघडलं. कंपनीचं मुख्य कार्यालय आजही या गावात आहे, म्हणून तर आपली निम्मी हिंजवडी या कोपऱ्यात येऊन पडली. टॉम आणि स्टुअर्ट या नातवांना सायकलीचा नाद. २००७ च्या सुमाराला 'स्लॉटर पेन' नावाच्या दरीत पहिले ट्रेल, म्हणजे अशा मुद्दाम बिघडवलेल्या वाटा, झाले (नावाचा अर्थ आईला सांगू नका), आणि त्यानंतर वॉल्टन कुटुंबाच्या फाउंडेशनने पैसा असा ओतला की आता गाव स्वतःला माउंटन बायकिंगची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. पुण्याने स्वतःला सांस्कृतिक राजधानी म्हणवून घेताना तरी कुणाला विचारलं होतं? आणि 'माउंटन' म्हणाल तर ओझार्कची ही टेकाडं पांडवगडाशेजारी उभी केली तर गडाला हसू येईल. चौकाजवळ सहा मजली कार्यालयाची इमारत आहे, 'लेजर' नावाची. तिच्या बाहेरच्या अंगाने वळणावळणाचा उतार थेट वरच्या मजल्यापर्यंत नेलाय. लोक सायकल चालवत ऑफिसात चढतात. डोंगर नाही तर नाही, इमारतीला घाट काढला.

पण बाबा, चेष्टा बाजूला ठेवून सांगते, काम बघितलंत तर वहीत टिपून घ्याल. घाटात तुम्ही रस्त्याचा उतार डोंगराच्या अंगाला देता आणि पाणी आतल्या गटारातून मोरीकडे नेता. इथे वाट हातभर रुंद, गटार कुठून काढणार? म्हणून उतार दरीच्या अंगाला, अगदी थोडासा, नजरेला जाणवणारही नाही इतका. पाणी वाटेवरून पसरून खाली निघून जातं, वाटेतून वाहत नाही. शिवाय मधूनमधून उतरती वाट जराशी वर उचलतात आणि मग पुन्हा खाली सोडतात, म्हणजे पाण्याला वेग धरता येत नाही. तुमचा चढ साधारण एकास वीस. इथे सरासरी एकास दहापर्यंत चालतो, पण दुसरी अट अशी की टेकडीच्या अंगाला जितका उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको, नाहीतर पाणी वाटच धरून धावतं. वळणांना बाहेरच्या बाजूने मातीची भिंत उचललेली असते. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाला जसा आडवा होतो तसं त्या भिंतीवर आडवं व्हायचं. मी होते. होय, तुमची मुलगी, जी वाईच्या बाजारात सायकलवरून उतरून हातात धरून चालायची.

सायकलींची किंमत विचारू नका. विचारलीत तरी तुमच्या जावयाने, निनादने, मला आकडा लिहायची बंदी केलीय. दोन्ही चाकांना स्प्रिंगा, ट्यूब नाहीच, त्याऐवजी टायरात पांढरा चीक ओततात; काटा घुसला की चीक तिथे गोठतो आणि भोक बुजतं. मुठीजवळचं बटण दाबलं की सीट खाली जाते, कारण उतारावर उभं राहून चालवायचं असतं. थोडक्यात, हजारो डॉलर देऊन घेतलेल्या सायकलवर बसायचंच नसतं.

या खेळाची जन्मकथा वाचली तेव्हा तर मला तुमच्या वतीने राग आला. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. तिथली काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, जडशीळ सायकली घेऊन आसपासच्या डोंगरांवर जायची आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात. खाली पोचेपर्यंत त्यातलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्यालाच 'रिपॅक' नाव पडलं. पुढे त्यांच्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये अशा वाटांसाठी खास सायकल बांधली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये कंपनी काढली, आणि १९९६ ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. आता तुम्ही आणि जोशीकाका अ‍ॅटलसवर डबलसीट पसरणी घाट उतरलात, ब्रेकची रबरं जळाली, आणि शेवटचं वळण काकांनी चपला रस्त्याला घासून काढलं, ते वर्ष १९७४. तुम्हाला कुणी जनक म्हटलं नाही. आजोबांनी काय म्हटलं ते आत्या अजून सांगते.

आता आमची मिरवणूक कशी निघते ते सांगते. सगळ्यात पुढे मनू. वय सहा. ती पेडल नसलेल्या बुटक्या सायकलवर जमिनीला पाय मारत तोल शिकली, त्यामुळे 'पडेन' ही कल्पनाच तिच्या डोक्यात शिरलेली नाही. तिच्यामागे अर्णव, तो बोलत नाही, फक्त उड्या मारतो. मग मी. आणि शेवटी, बऱ्याच अंतराने, निनाद. ऑफिसात हा माणूस केवढी तरी टीम सांभाळतो. ट्रेलवर मनू वळणाशी थांबून त्याला ओरडते, "बाबा, ब्रेक नको ना दाबू! जिथे जायचंय तिथे बघ!" खरंच, या खेळातलं निम्मं शास्त्र एवढंच आहे. नजर जिकडे, चाक तिकडे. निनाद नेमका ज्या झाडाला आपटायचं नाही त्या झाडाकडे टक लावून बघतो. झाडंही आता त्याला ओळखायला लागली असतील.

उतरून सायकल ढकलत नेली तर इथे कुणी हसत नाही, हे त्याचं नशीब. मागून येणारा अदबीने घंटी वाजवतो, "तुमच्या डावीकडून येतोय" म्हणतो आणि पुढे जाताना "छान चाललंय" म्हणून जातो. चिखलाने माखलेल्या, हेल्मेट वाकडं झालेल्या आणि झुडपातून बाहेर येणाऱ्या माणसालासुद्धा "छान चाललंय". निनादला याचाच जास्त अपमान वाटतो. नीट शिवी दिली असती तर घरच्यासारखं वाटलं असतं, असं त्याचं म्हणणं.

आई, तुला काळजी किड्यामुंग्यांची असणार. ती कर. उन्हाळ्याच्या तोंडाला इथलं जंगल सुंदर दिसतं, हनिसकलचा वास सुटलेला असतो, संध्याकाळी काजवे निघतात, आणि या सगळ्याच्या आत बसलेला प्रत्येक जीव चावतो. गोचीड! आयुष्यात कधी म्हशीच्या अंगावर पाहिली तेवढीच. आता दर रविवारी संध्याकाळी सासूबाई मुलांना दिव्याखाली उभं करून कानामागे, केसात, काखेत तपासतात. चिगर म्हणून एक जवळजवळ न दिसणारा लाल जीव आहे, तो मोज्याच्या इलॅस्टिकपाशी चावतो आणि खाज दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुटते.

पण सगळ्यात गाजलं ते निनादच्या पुरळाचं प्रकरण. त्याची पाण्याची बाटली झुडपात गेली, तो ती काढायला शिरला, आणि दोन दिवसांनी दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. इथे पॉयझन आयव्ही नावाची तीन-तीन पानांची वेल असते, हे इथलं शेंबडं पोर जाणतं. दवाखान्यात जाण्याआधीच सासूबाईंनी लांबून बघून निदान केलं होतं, "बिब्बा उतलाय." आम्ही हसलो. बार्शीच्या बाईला आर्कान्सातल्या वेलीचं काय कळणार! मग अर्णवने शोधून काढलं की बिब्बा, आंबा, काजू आणि ही वेल सगळे एकाच कुळातले, आणि फोड आणणारं तेलही एकाच जातीचं. त्यानंतर सासूबाईंचा घरातला भाव जो वधारला तो अजून उतरलेला नाही. डॉक्टरांनी मलम दिलं आणि लगेच साबणाने धुवायला हवं होतं असं सांगितलं. सासूबाईंनी तीळ-खोबरं वाटून ठेवलंच. कशाने गुण आला यावर दोन्ही पक्षांचा दावा कायम आहे.

सासूबाई सायकल चालवत नाहीत, पण येतात. कोलर नावाच्या रानात ट्रेलच्या मध्यावर एक कॉफीचं दुकान आहे, 'एअरशिप'. तिथे गाडी जातच नाही; चालत जा नाहीतर सायकलने. त्या काठी टेकत, नऊवारी सावरत आधी पोचतात आणि बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसतात. डब्यात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. आम्ही येईपर्यंत बाकाभोवती चार-पाच चिखलाळ तरुण उभे असतात. पहिल्यांदा एकाने नुसतंच वाकून डब्यात पाहिलं, तर यांनी "घे रे बाळा" म्हणून हातात ठेवलं. आता काही जण आपली फेरी सासूबाईंच्या वेळेवर बेततात, आणि एक दाढीवाला गृहस्थ चटणी तिखट लागली की सायकलभोवती गोल गोल चालतो. कॉफीवाला काही बोलत नाही, कारण तिखटानंतर त्याचंही बर्फ घातलेलं कायकाय खपतं.

आता तुमच्या येण्याचं. बाबा, तुम्हाला काळ्या चौकटावर नेणार नाही. रेझरबॅक ग्रीनवे म्हणून लांबलचक पक्की वाट आहे, बेला व्हिस्टापासून फेएटव्हिलपर्यंत, सपाट म्हणावी अशी. तिच्यासाठी भाड्याने बॅटरीची सायकल मिळते. आई सासूबाईंबरोबर बाकावर बसेल आणि त्या दाढीवाल्याला लोणच्याकडे नेईल.

पण मी तुम्हाला बोलावतेय ते त्यासाठी नाही. ज्या हिरव्या वर्तुळाच्या वाटेवर मनू शिकली, तिथे एका वळणाच्या पोटात पाणी साचतं. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी डबकं हटत नाही, लोक त्याला वळसा घालतात आणि वाट दरवेळी थोडी आणखी रुंद होते. मधूनमधून शनिवारी स्वयंसेवक फावडी घेऊन डागडुजीला येतात, त्यांच्यात मीही जाते. तिथल्या मुकादमाचं म्हणणं, दरीच्या बाजूला माती दाबली गेलीय, ती खरवडली की पाणी निघेल. मला वाटतं मुळात वरून पाणी झिरपतंय, आणि दगड रचून छोटी मोरी घातल्याशिवाय ते हटणार नाही. तो म्हणाला, "कशावरून?" मी म्हटलं, माझे वडील पुढच्या महिन्यात येतायत, त्यांना विचारू. तो हो म्हणालाय. फावडं इथे मिळेल, पण तुमची ती जुनी पितळी लेव्हल आणा. इथली मला पटत नाही.

मुलांचा शिरसाष्टांग नमस्कार. निनादचा हात बरा आहे, सा. न. सांगतोय.

तुमची,
सुमा

ता. क. आई, सासूबाईंचा निरोप: धपाट्याची भाजणी निदान दोन किलो, आणि शेंगदाण्याची चटणी आणशील त्याच्या दुप्पट. विमानतळावर विचारलं तर घरचं पीठ आहे म्हणून खरं ते सांग. पुढे काही विचारलंच तर बाबांना बोलू देऊ नकोस.