वापरल्याशिवाय कसं कळणार?

भिजवलेले तांदूळ आणि उडदाची डाळ डब्यात घेऊन मिक्सर विकत घ्यायला निघणारा माणूस तुमच्याही कॉलनीत असणार. नसेल तर तुमची कॉलनी अजून नीट वसलेली नाही. आमच्या गारखेड्यात तो आहे. सूतगिरणी चौकापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि लहानथोर सगळे त्याला ट्रायलकाका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण ती पाटीसुद्धा बाहेर लावण्याआधी काकांनी पंधरा दिवस स्वयंपाकघरात लावून बघितली होती. तेल-धुरात अक्षरं टिकतात का, हे बघायला. "वापरल्याशिवाय कसं कळणार?"

मिक्सरच्या दुकानात दुकानदारानं रिकामं भांडं बसवून बटण दाबलं. काका म्हणाले, "रिकामा तर पंखाही फिरतो. वाटून दाखवा." पिशवीतून डबा निघाला. तीन कंपन्यांच्या मिक्सरांवर एकेक वाटी वाटून झालं, तीन पिठं तीन डब्यांत भरली गेली, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या आणि काका मिक्सर न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा शेजाऱ्यांकडे तीन-तीन इडल्या आल्या. खायच्या आणि मत द्यायचं. मी दोन नंबरला मत दिलं, तर म्हणाले, "सर, तुम्ही चटणीला मत दिलंय. नुसती खाऊन सांगा." मिक्सर चौथ्या दिवशी आला. दुकानदाराला इडल्यांचा डबा आदल्याच दिवशी पोचला होता, त्यामुळे त्याला रागावताही आलं नाही.

काकांची नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, क्वालिटीला. हातात गो-नो गो गेज. त्याची 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. तीस-पस्तीस वर्षं हे केल्यावर माणूस निवृत्त होतो, गेज होत नाही. दर्गा रोडला टरबुजाची गाडी दिसली की काका उतरलेच. आधी टिचकी, मग काप. एक काप देठाकडचा, एक मधला आणि एक "उन्हाच्या बाजूचा". एकदा गाडीवाला हात जोडून म्हणाला, "चच्चा, आधा तो चखने में गया. अब दाम आधे का लूं या पूरे का?" काका शांतपणे म्हणाले, "पूरे का लो. लेकिन दूसरा दो, ये फीका है."

कूलरच्या वेळी मे महिना होता. काका घरून प्लास्टिकची खुर्ची आणि पेपर घेऊन दुकानात गेले, चालू कूलरसमोर बसले आणि दुपारचे दोन ते पाच तिथेच होते. मधे डुलकीही झाली. आलेल्या गिऱ्हाइकांना ते मालक वाटले. भाव त्यांनाच विचारू लागले. काकांनी दोघांना खुर्ची देऊन दहा-दहा मिनिटं बसवलं आणि दोन कूलर खपवले. स्वतःसाठी मात्र "उद्या सकाळी परत येतो, सकाळची हवा वेगळी असते" म्हणून उठले.

गादीच्या दुकानात तर मालकालाच घाम फुटला. काका आडवे झाले, कूस बदलली, उताणे झाले, सगळं झालं आणि म्हणाले, "गादी झोपताना कळत नाही, उठताना कळते. रात्री दुकानाची किल्ली कुणाकडे असते?"

वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी आमच्याकडे पाणी नव्हतं. यात काही विशेष नाही. जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे किती दिवस जातील ते नळच ठरवतो. कंपनीचा मुलगा मशीन जोडून, कोरडंच फिरवून, कागदावर सही मागू लागला. काका म्हणाले, "बिनपाण्याची हजामत ऐकली होती, बिनपाण्याची धुलाई पहिल्यांदा बघतोय." सही झाली ती पाणी आल्यावरच. त्यासाठी तो मुलगा दोनदा परत आला, आणि दुसऱ्या खेपेला काकांनी त्याला त्याचाच शर्ट काढायला लावला.

या माणसाला अमेरिकेत नेणं धोक्याचं होतं, पण मुलगा डॅलसला असतो. काका-काकू सहा महिन्यांसाठी गेले. तिथे मुलाला गोल्फचं खूळ लागलं होतं. ऑफिसातले साहेब शनिवारी सकाळी गोल्फ खेळतात आणि बढत्या म्हणे ऑफिसपेक्षा गवतावर जास्त ठरतात. तेव्हा काठ्यांचा संच घ्यायचा होता. गारखेड्यात आम्ही विभागीय क्रीडा संकुलात पळणारी पोरं आणि चालणारे आजोबा रोज बघतो. खांद्यावर गोल्फच्या काठ्या घेतलेला माणूस मी तरी तिथे पाहिलेला नाही. काकांनी मात्र जाण्यापूर्वीच अभ्यास केला होता. मला म्हणाले, "सर, कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829चा आहे. ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यांत जुना. तेव्हापासून हा खेळ गारखेड्याकडे यायला निघालाय. आपल्या नळाच्या पाण्यासारखाच."

काठ्यांचं ते दुकान म्हणजे काकांची काशी. आत आडोसा केलेले कप्पे, समोर पडदा, पायाखाली हिरवा गालिचा. हवी ती काठी घ्यायची आणि पडद्यावर चेंडू हाणायचा. यंत्र सांगतं, चेंडूचा वेग किती, तो हवेत किती यार्ड गेला, स्वतःभोवती किती गिरक्या घेतल्या. काकांनी विचारलं, "याचे पैसे?" दुकानातला पोरगा म्हणाला, काही नाही. काकांनी पुन्हा विचारलं. काकू सांगतात, तिसऱ्यांदाही विचारलं. मग त्यांना कळलं की खेळाच्या नियमाप्रमाणे पिशवीत 14 काठ्या चालतात. चौदा! आणि प्रत्येकीची ट्रायल वेगळी!

पोरगा माप घ्यायला आला. काकांनी शिंप्याच्या सवयीनं दोन्ही हात आडवे पसरले. तो म्हणाला, हात खाली सोडा. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचंय, त्यावरून काठीची लांबी ठरते. मग काठीच्या तळाला पट्टी चिकटवून फळीवर आपटायला लावलं. पट्टीवर खूण मधोमध उमटली तर काठीचा कोन बरोबर. टाचेकडे उमटली तर काठी गरजेपेक्षा उभी, टोकाकडे उमटली तर गरजेपेक्षा आडवी. हे ऐकून काकांना भरून आलं. परदेशात कुणीतरी क्वालिटीचा माणूस भेटला होता. एकच ठिणगी उडाली. काठीचा दांडा किती लवचीक हवा, याचे प्रकार असतात: स्टिफ, रेग्युलर आणि हळू हात फिरणाऱ्यांसाठी सीनियर. पोरानं सीनियर पुढे केला. काका म्हणाले, "बाबा, मी एसटीची सवलत मागितलेली नाही. रेग्युलर दे."

संच मुलाला घ्यायचा होता, हे यानंतर सगळे विसरले. काका आठवड्यातून दोनदा तिथे जाऊ लागले. महिन्याभरात त्यांनी नियम काढले आणि मला फोनवर सांगितले. काठी घेण्याआधी वापरायची की नाही, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानं ते लिहून घ्यावेत. पहिले दहा चेंडू हिशेबात धरायचे नाहीत; नव्याची नवलाई असते, आणि दुकानात माणूस उगाच जास्त जोर काढतो. आपली जुनी काठी बरोबर न्यायची, नाहीतर तुलना कशाशी करणार? सगळ्यांत लांब गेलेला एक चेंडू विसरायचा आणि वाईट गेलेले पाच बघायचे. फटका चुकला तरी जी काठी चेंडू फार भरकटू देत नाही ती चांगली. आणि दमल्यावर जी साथ देते ती आपली.

पाचवा नियम त्यांना मुलाबरोबर खऱ्या मैदानावर गेल्यावर सापडला. गालिच्यावर काठी चेंडूच्या दोन बोटं मागे आपटली तरी सटकून पुढे जाते आणि चेंडू उडतो. गवतावर तीच काठी मातीत रुतते आणि चेंडू जागचा हलत नाही. "सर, गालिच्यावर सगळेच राजे," काका म्हणाले. मग त्यांनी शोध लावला की काठ्या बनवणाऱ्या कंपन्या अधूनमधून मैदानावरच काठ्या घेऊन येतात आणि लोकांना गवतावर मारू देतात. काका तिथेही हजर.

इतकं सगळं चालू असताना एका रात्री मुलानं सवलत दिसली म्हणून सोफ्यावर बसल्या बसल्या फोनवरून अख्खा संच मागवून टाकला. ठरीव मापाचा. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. संच आला, चेंडू उजवीकडेच जाऊ लागला, मुलानं खोक्यावर चिठ्ठी डकवून संच परत पाठवला आणि दुसरा मागवला. तोही परत गेला. काकांना राग परत पाठवल्याचा आला नाही. "का परत करताय, हे कुणी विचारलंसुद्धा नाही हो!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "निवड चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून आता कुणी निवडतच नाही."

हे वाक्य ऐकेपर्यंत काका मला फक्त पिडणारे गृहस्थ वाटत होते. नंतर हिशेब मांडला. काकांच्या पिढीला आयुष्यात काय निवडायला मिळालं होतं? बजाजची चेतक 1972ला आली. ती पाहिजे असेल तर आधी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर आला की जो रंग येईल तो आपला. काकांना निळी हवी होती, हिरवी आली. ट्रायल कसली, नंबर लागल्याचे पेढे वाटले. रोज सकाळी ती तिरकी करून, मग किक मारून, त्यांनी वाळूज गाठलं. मुलं शाळेत सोडली, सिलिंडर आणले. टेलिफोनलाही रांग, गॅसलाही रांग. नोकरी जिथे लागली तिथे. लग्न पोह्यांच्या एका बशीत ठरलं. काकू म्हणतात, "आमच्या वेळी परत करायची सोय नव्हती," आणि मग काकांसाठी चहा टाकायला उठतात. आता चेतक विजेवर चालते, आणि घेण्याआधी चालवून बघा म्हणून शोरूमवाला मागे लागतो. ज्यानं पंचवीस वर्षं न आवडलेला रंग पुसून पुसून चकचकीत ठेवला, त्याला साठीनंतर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "काका, यातलं कोणतं दाखवू?" तो म्हणणारच, सगळी दाखव.

दुकानांत ती एक पाटी असते, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी काकांना म्हटलं, ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. काकांना कलमासकट पाठ होतं. म्हणाले, "तो कायदा मालातल्या दोषाला. आपल्या निवडीतच दोष निघाला तर काय दुकानदाराच्या डोक्यावर मारायचा?"

अमेरिकेहून येताना काकांनी शेवटी एक काठी आणली. सात नंबरची, जुन्या काठ्यांच्या टोपलीतली. विमानात जवळ ठेवू देत नाहीत म्हणून साड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली. संच नाही, चेंडू नाही, खेळायला मैदान नाही. सध्या तिनं शेवग्याच्या शेंगा निघतात, गच्चीवरची वाळवण राखली जाते आणि रात्री गेटापाशी जमणारी कुत्री तिला ओळखतात. जन्मभर जागा मोजून कपाट घेणाऱ्या माणसानं ही एकच वस्तू वापरायला जागा नसताना घेतली. का घेतली, असं विचारलं तर म्हणाले, "दमल्यावर साथ देत होती."

गारखेड्यातल्या दुकानदारांना शेजारी म्हणून एवढंच सांगणं आहे. पिशवीत डबा आणि बगलेत खुर्ची घेतलेला माणूस पायऱ्या चढताना दिसला तर कपाळाला हात लावू नका. त्याला बसू द्या, वाटू द्या, झोपू द्या, हवी तर किल्लीही द्या. तुमचे दोन दिवस जातील. पण काकांनी विकत घेतलेली एकही वस्तू आजवर कोणत्याही दुकानात परत आलेली नाही.