रानडुकरांनी धान कसे खावे?

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पिकांचे नुकसान नियमात बसेल असे करण्याबाबत.

भरपाईचे नियम शेतकऱ्याला आता तोंडपाठ झाले आहेत, तरी त्याचे अर्ज त्रुटीत निघतात. सखोल विचारांती दोष जनावरांचा आढळला. ती शासन निर्णय न वाचताच बांदीत शिरतात. सबब, समस्त रानडुकरे, रोही, चितळ व हत्ती यांना पुढील सूचना देण्यात येत आहेत.

१. नुकसानीची तक्रार ३ दिवसांत वनखात्याकडे जावी लागते. त्यामुळे शुक्रवारी रात्री धान खाऊ नये. शनिवार-रविवार साहेब नसतात आणि सोमवारी साहेब मीटिंगमध्ये असतात.

२. पाऊल चिखलात ठळक उमटवावे. पंचनाम्यासाठी वन, महसूल आणि कृषी ही तिन्ही खाती यायची आहेत. तोवर ठसा टिकला पाहिजे. ताडोब्यात तिकीट काढले की निदान वाघ दिसण्याची आशा असते. तीन खाती एका धुऱ्यावर दिसण्याचे तिकीट अजून निघालेले नाही.

३. शिरण्यापूर्वी सातबारा पाहावा. अतिक्रमणाच्या वनजमिनीवरच्या पिकाला भरपाई नाही. शेतकऱ्याचा २००६ च्या कायद्याखालचा वनहक्क दावा अजून निकालात निघाला नसेल, तर जनावराने निकालापर्यंत उपाशी राहावे.

४. हत्तींसाठी : आपण ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत आलात. रहिवासी दाखला कोणी मागितला नाही, याची जाण ठेवावी. घर पाडणे आणि धान तुडवणे वेगवेगळ्या रात्री उरकावे. एका अर्जात दोन नुकसानी आल्या की फाइल दोन टेबलांच्या मध्ये पडते.

५. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी पीकविम्यात घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. ७२ तासांत ॲपवर, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो टाकायचा आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या डुकरांनी रेंज येईपर्यंत लोंबी तोंडात धरून उभे राहावे.

६. २०२३ च्या राज्य कायद्यानुसार भरपाई ३० दिवसांत द्यायची आणि उशीर झाल्यास वर व्याज द्यायचे आहे. म्हणून ‘भरपाई रखडली’ असे यापुढे कोणी म्हणू नये. ती वाढीला लावली आहे.

७. वाघांना सूचना नाहीत. त्यांचे कामकाज समाधानकारक आहे. हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात : १० लाख लगेच, उरलेले मुदत ठेवीत. धानाचे पैसे येतील याचा भरवसा नसलेला शेतकरी रात्री जागलीला जातो. डुकरे धानामागे येतात, वाघ डुकरांमागे येतो. सकाळी अर्जाचा नमुना बदलतो, आणि आजवर प्रत्येक कागदात त्रुटी निघालेला तोच शेतकरी पहिल्यांदा पूर्णपणे पात्र ठरतो.

प्रत :
रानडुक्कर, रोही, चितळ, हत्ती – तात्काळ कार्यवाहीसाठी.
वाघ – सवडीनुसार.
शेतकरी – केवळ माहितीसाठी. कार्यवाही करण्याजोगे त्याच्या हाती काही ठेवलेले नाही.