दिशांना बढती देणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांस

मा. सेक्रेटरीसाहेब,


लिफ्टशेजारच्या बोर्डावर आपली इंग्रजी नोटीस वाचली. रविवारी बी विंगच्या उत्तरेकडची टाकी धुणार, पाणी भरून ठेवा, एवढाच मजकूर. त्यात ‘नॉर्थ’चा एन मोठा, ‘साइड’चा एस मोठा, ‘टँक’चा टीसुद्धा मोठा. छोट्या अक्षरावर भागवलंत ते फक्त ‘संडे’ आणि ‘मुंबई’ या दोघांचं. टाकीची एवढी बडदास्त आणि ज्या शहराचं पाणी तिच्यात पडतं त्याची ही पत! धन्य आहे.

आपला समज असा दिसतो की कॅपिटल अक्षर म्हणजे सत्काराची शाल. जो महत्त्वाचा वाटेल त्याच्या खांद्यावर टाकायची. पण इंग्रजीत दिशेला ती मानासाठी नव्हे, नाव झाल्यावर मिळते. टाकी इमारतीच्या कुठल्या अंगाला आहे एवढंच सांगायचं असेल, तर एन छोटा. वारा पश्चिमेकडून सुटला, रिक्षा दक्षिणेला वळली, सगळं छोटंच. अख्ख्या देशाची शेती ज्याच्या भरवशावर चालते तो नैर्ऋत्य मोसमी पाऊससुद्धा चांगल्या इंग्रजीत छोट्या एसने येतो आणि तक्रार करत नाही.

आपण लगेच म्हणाल, मग अंधेरी ईस्टचा ई मोठा का? कारण तो पत्ता आहे. तिथल्या माणसाला स्टेशन गाठायला पश्चिमेला चालावं लागतं. हे इंग्रजीत लिहा : ईस्टचा ई मोठा, वेस्टचा डब्ल्यू छोटा, दोन्ही एकाच वाक्यात. मुंबई सेंट्रलचंही तेच. 1930 साली सुरू झालेल्या त्या स्थानकाच्या नावात सेंट्रलचा सी मोठा; मुंबईच्या मध्यभागी कुठेतरी घर शोधतोय म्हणालात, की छोटा. दलालाला दोन्हींचा भाव सारखाच, ती गोष्ट वेगळी.

आणि एकदा दिशेचं नाव झालं की ते होकायंत्राला जुमानत नाही. आपला पश्चिम महाराष्ट्रच घ्या. त्याच्या पश्चिमेला कोकण आहे! राज्याचं पश्चिम टोक हवं असेल तर घाट उतरायला हवा. सांगली-साताऱ्याला जाऊन ते मिळायचं नाही. (इंग्रजी वर्तमानपत्रं या डब्ल्यूला कधी मोठं करतात, कधी छोटं. प्रदेशांच्या नावांत घरोघरी वेगळा रिवाज असतो, हे मान्य. पण एका घरात एकच रिवाज हवा. आपल्या एका नोटिशीत तीन सापडतात.)

आयर्लंडमध्ये तर हा प्रकार देशापर्यंत जातो. त्या बेटाची 1921 साली फाळणी झाली आणि नॉर्दर्न आयर्लंड हा भाग ब्रिटनच्या राज्यात राहिला. बेटाचं अगदी उत्तरेचं टोक मालिन हेड. ते मात्र डोनेगल परगण्यात, म्हणजे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. आता ‘नॉर्दर्न’ छोट्या एनने लिहा, मालिन हेड त्यात बसतं. मोठ्या एनने लिहा, ते सरहद्दीपलीकडे जातं. एका अक्षरावर देश बदलतो, साहेब, आणि आपण तेच अक्षर टाकीवर उधळता.

अमेरिकेत 1863 साली वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं. तरीही मूळ व्हर्जिनियाचं एक टोक त्याच्याहून आणखी पश्चिमेला पोचतं. तिथला रहिवासी मोठ्या डब्ल्यूच्या राज्यात राहत नाही, छोट्या डब्ल्यूच्या भागात राहतो. साउथ आफ्रिका हा एक देश. ‘सदर्न’ छोट्या एसने लिहून पुढे आफ्रिका म्हटलं की नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वेही आत येतात. मेक्सिको सिटीचा सी मोठा, कारण सिटी नावातच आहे. नाशिकपुढे लावलेल्या सिटीला छोटा सी पुरतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे आपल्या पदरात टाकतो. मागच्या फाटकावर आपण ‘साउथ गेट’ अशी पाटी लावलीत. त्यात एस आणि जी दोन्ही मोठे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ते त्या फाटकाचं नावच आहे. ते फाटक पूर्वेला उघडतं, पण त्यात व्याकरणाचा दोष नाही.

तेव्हा विनंती एवढीच : मोठं अक्षर टाकण्यापूर्वी शब्द ‘कुठे’ सांगतोय की ‘कोण’, हे बघा. तेवढी सवड नसेल तर पुढची नोटीस सरळ मराठीत काढा. देवनागरीत अक्षरं लहानमोठी नसतात, त्यामुळे हा प्रश्नच मिटेल. उरतील फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. त्यांसाठी वेगळं पत्र पाठवीन.

कळावे,
आपला,
एकही थकबाकी नसलेला सभासद