कारध्याच्या सांदवाडीतून कृत्तिका टिपण्याची विधियुक्त पद्धत

प्रथम मुहूर्त. कार्तिक महिन्याला नाव कृत्तिकांनी दिलं, म्हणून कार्तिक पौर्णिमेला कॅमेरा काढणारा भाविक असेल, छायाचित्रकार नव्हे. त्या रात्री पूर्ण चंद्र कृत्तिकांच्याच आसपास ठाण मांडून बसतो. मार्गशीर्ष किंवा पौषातली अमावस्या धरा. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री सव्वानऊच्या सुमारास हा ताऱ्यांचा पुंजका वैनगंगेकाठच्या कारध्याच्या जवळजवळ डोक्यावर येतो. तिथं आकाश सर्वांत काळं असतं. मानेचं काय ते नंतर बघू.

मग शेजारचा बल्ब. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे 440 वर्षांपूर्वी, अकबराच्या राजवटीत निघाला. एवढं अंतर बिनतक्रार कापून तो शेवटी काकाजींच्या संडासावरच्या एलईडीत बुडतो. विनंती करावी. "काय करून राहिला रे बाबू अंधारात?" असं विचारतील, "अभ्यास" म्हणावं. बल्ब विझेल, पण काकाजी बॅटरी घेऊन बघायला येतील. त्यांना खुर्ची द्या आणि बॅटरी काढून घ्या.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नये. रोहिणीची चांदणी पडद्यावर दहापट मोठी करून ती टिंबाएवढी होईस्तोवर फोकस फिरवावा, मग रिंगला चिकटपट्टी. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि फोटोसाठी थांबत नाही. म्हणून छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला 50 मिलिमीटरची लेन्स असेल, तर एका फोटोला सहा सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या शेवया. असे शंभर फोटो काढून डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले की दाणेदारपणा दहाव्या हिश्श्यावर येतो. शंभराच्या वर्गमुळाची ही कृपा.

वैनगंगेकाठी खरा शत्रू दव. लेन्सवर मधूनमधून केस वाळवायचं यंत्र मंद फिरवावं. ते बहिणीचं असेल तर परवानगी आधी. कॅमेऱ्याचा विमा असला तरी तुमचा नसतो.

परंपरेनं कृत्तिका सहा. गॅलिलिओनं 1610 मध्ये दुर्बिणीतून 36 तारे काढून छापले. तुमच्याकडे त्याहून जास्त येतील, म्हणून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. नाहीतर बारीक तारे वाटेतच गळतात. काकाजी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ न्याहाळतील आणि विचारतील, "पहिला चरण मेषेत अन् बाकीचे तीन वृषभेत. यातला मेषेचा कोणता?" उत्तर देऊ नये. दिलंत, तर उद्या नातवाची पत्रिका घेऊन येतील.