पिवळ्या पट्ट्याचे बाबा

कराटेच्या क्लासात मुलं शिकतात, हा गैरसमज आहे. मुलं येतात, चपला भिरकावतात, तासभर हातपाय झाडतात आणि घरी जाऊन मॅगी मागतात. शिकतात ते त्यांना सोडायला आलेले बाबा. भिंतीलगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी बरोबर पंख्याखालची ज्यांची ठरलेली असते आणि सर 'हाजिमे' म्हणाले की मुलांच्या आधी ज्यांचा पाय पुढे पडतो, त्या गृहस्थांबद्दल मी बोलतो आहे. असे बाबा पुण्यात सापडतात, ठाण्यात तर रांगेने सापडतात. पण झाशीतल्या मराठी बाबांची गोष्ट निराळी. त्यांच्या पाठीशी इतिहास उभा असतो आणि तो त्यांना खुर्चीत स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या क्लासातल्या अशा बाबांना ऑफिसात नाव आहे, हुद्दा आहे, रेल्वेचा पास आहे. क्लासच्या दारात हे सगळं गळून पडतं आणि ते 'छोटी मनू के पापा' होतात. झाशीच्या मराठी घरांत दर पिढीला एकीला तरी मनू म्हणायची चाल आहे. क्लासात अशा दोन निघाल्या, त्यांतली ही धाकटी. कल्लेदार मिशा, पुढे आलेलं पोट आणि हाक मात्र 'छोटी'ने सुरू होणारी. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मनू हे बाईसाहेबांचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं, माहेरचं नाव. त्याच्याशी जोडलेलं काहीही ते मानाने मिरवतात.

त्यांचे पूर्वज झाशीचे मराठे सुभेदार नारोशंकर यांच्याबरोबर इथे आले, म्हणजे 1742 च्या सुमारास. आज झाशी, दतिया आणि ग्वाल्हेर मिळून जितकी मराठी घरं हा दावा करतात, तितकी माणसं नारोशंकरांनी खरोखरच बरोबर आणली असती, तर पुण्यात शनिवारवाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारेकरीही उरला नसता. पण मनूच्या बाबांशी कोण वाद घालणार? गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मधलं एक पान त्यांना तोंडपाठ आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत आले, 1857 च्या धामधुमीत सापडले आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी इथे होते. बाईसाहेबांचा व्यायाम, मल्लखांब आणि घोड्यावरची रपेट त्यांनी लिहून ठेवली आहे. मनूच्या बाबांचं पुस्तक तिथेच संपतं. भटजींनी पुढे काय काय सोसलं आणि घरी पोहोचताना त्यांच्या खांद्यावर गंगेच्या कावडीखेरीज फारसं काही का उरलं नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

मग मुलीला मल्लखांबच का नाही लावला? हा प्रश्न मी एकदा विचारला. मल्लखांब आपला, बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतला, बाईसाहेबांनी केलेला. मनूच्या बाबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मल्लखांबाला बेल्ट कुठे असतो?"

बरं, हॉकी? ध्यानचंद ज्या गावात वाढले, ज्या गावात टेकडीवर त्यांचा पुतळा आहे, त्या गावात हॉकी नको? तेही नको. "एक गोल झाला की श्रेय अकरा जणांत वाटायचं. सर्टिफिकेटवर नाव कुणाचं लिहिणार?"

सरकारी शाळांतल्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्याच नावाच्या योजनेत तीन महिने आत्मरक्षणाचं शिक्षण मिळतं. सलवारीवर ओढणी कमरेला घट्ट बांधून मुली मैदानात रांगेने बुक्के मारतात आणि फार जोरात मारतात. एकदा तिथून जाताना मी थांबून पाहिलं. रस्त्यात कुणी हात धरला तर या मुली काय करतील याची मला खात्री पटली. मनूचे बाबाही माझ्याबरोबर थांबले होते. "छान आहे," ते म्हणाले, "पण यात पुढे काय?"

पुढे काय, हा त्यांचा प्रश्न. जे काही शिकायचं त्याला इयत्ता हवी, इयत्तेला परीक्षा हवी, परीक्षेला निकाल हवा आणि निकाल भिंतीवर लागेल अशा आकाराचा हवा. यात एकट्या त्यांना दोष देऊन चालणार नाही. कराटेच्या मुळातच ही खोड आहे. ओकिनावाहून 1922 मध्ये ही विद्या टोकियोला घेऊन आलेले फुनाकोशी गिचिन हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी 1924 मध्ये आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. ही पद्धत त्यांनी उचलली ज्युदोच्या कानो जिगोरोंकडून, आणि कानो होते शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे मुख्याध्यापक. विद्या एका मास्तराकडून दुसऱ्या मास्तराकडे गेली की परीक्षा येणारच! पांढऱ्या आणि काळ्याच्या मधले बरेचसे रंग तर पॅरिसची देणगी. 1930 च्या दशकात तिथे ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशींनी ते रूढ केले असं मानतात. वर्षानुवर्षं पांढऱ्याच पट्ट्यावर राहायचा धीर युरोपातल्या शिष्यांना नव्हता. धीर नसलेला माणूस सगळीकडे सारखाच, आणि प्रत्येक रंगाची फी वेगळी असते हेही सगळीकडे सारखंच.

तर मनू पांढऱ्या पट्ट्यावर होती आणि पिवळ्याची परीक्षा जाहीर झाली. सरांनी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या: रविवार, सकाळी आठ, ड्रेस स्वच्छ, नखं कापलेली. मनूच्या बाबांचं उत्तर सात मुद्द्यांचं होतं. सिलॅबस कुठे मिळेल? गुणांची विभागणी कशी? तोंडी परीक्षा हिंदीत की जपानीत? बाहेरून येणारे परीक्षक कडक आहेत का? मागच्या वेळी काय विचारलं होतं? सरांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात त्यांची एक संध्याकाळ गेली.

मग त्यांनी स्वतःच गुणपत्रिका आखली. किहोनला, म्हणजे सुट्या हालचालींना, 30, कात्याला, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींना, 40, कुमितेला, म्हणजे झुंजीला, 20, तोंडीला 10. दोनशे पानी वही घेतली, समास आखला. डावीकडे जपानी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ, खाली तांबड्या शाईची रेघ. ओई झुकी, गेदान बराई, माए गेरी. रोज रात्री जेवण झालं की मनू पाटावर आणि बाबा वहीवर. ते 'करून दाखव' म्हणत नसत. म्हणत, "हेयान शोदान म्हण बघू." आणि मनू बसल्या जागी तो काता म्हणत असे: डावीकडे वळणे, खाली अडवणे, एक पाऊल, बुक्की. पर्वचा आणि रामरक्षा म्हणून मोठ्या झालेल्या माणसाला लाथसुद्धा आधी पाठ व्हायला लागते.

हेयान शोदान हा पहिल्या पायरीचा काता. त्यात 21 हालचाली. त्यांतल्या नवव्या आणि सतराव्या हालचालीला पोटातून ओरडायचं, त्याला किआई म्हणतात. आणि शेवटी जिथून निघालो त्याच जागेवर परत यायचं. मनूच्या बाबांना यातलं हे शेवटचं फार पटलं. खंडेराव गेटजवळच्या त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात त्यांनी खडूने रेघा मारल्या, आडव्या, उभ्या, पुन्हा आडव्या. अडचण एवढीच की अंगण नारोशंकरांच्या काळच्या हिशेबाने बांधलेलं, जपान्यांच्या नव्हे. चौदाव्या हालचालीला मनू तुळशीवृंदावनावर आपटे. काकूंनी, म्हणजे मनूच्या आईने, एक दिवस सकाळी सडा घालून सगळ्या रेघा पुसून टाकल्या आणि त्यांच्या जागी ठिपक्यांची रांगोळी काढली. त्या रात्री मनूने ठिपक्यांवरून काता केला आणि तो आजवरचा सर्वांत चांगला झाला. याचं श्रेय कुणाचं, यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

ड्रेसची कथा वेगळीच. तो अर्थातच वाढत्या अंगाचा घेतलेला. विजार चार वेळा दुमडलेली, बाह्या कोपराखाली गुंडाळलेल्या, आणि पांढरा पट्टा कमरेला दोन वेढे घेऊनही गुडघ्यापर्यंत लोंबणारा. पट्ट्याची दोन्ही टोकं सारख्या लांबीची असावी लागतात असं सरांनी सांगितलं होतं. बाबांनी शिंप्याची टेप आणली. एका बाजूला अर्धा इंच जास्त निघाला की गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. पोर बिचारी हात वर करून उभी.

शिवाय त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की बुक्की जोरात असली की बाहीचा 'फट्' असा आवाज येतो आणि परीक्षक त्या आवाजावर खूश होतात. आवाजासाठी जोर हवा हे ते विसरले आणि कापडाच्या मागे लागले. परीक्षेच्या आदल्या दिवशी ड्रेसला भाताच्या पेजेची खळ दिली. झाशीतलं ऊन तुम्हाला माहीत नसेल, मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे सहज जातो. गच्चीवर वाळत घातलेला ड्रेस तासाभरात उडदाच्या पापडासारखा कडक झाला. मनूने तो घातला तेव्हा तिचे हात अंगापासून वीतभर लांब उभे राहिले. आवाज मात्र खरोखरच येत होता, बुक्की न मारताही, नुसतं श्वास घेतला तरी.

मनोधैर्यासाठी तिला किल्ल्यावरही नेऊन झालं. कडक बिजली तोफ दाखवली. मग बाईसाहेबांनी घोड्यासह जिथून उडी घेतली असं सांगतात ती तटावरची जागा. तिथे येणारा प्रत्येक जण खाली वाकून बघतो आणि गप्प होतो. बाबा म्हणाले, "बघ. आता सांग, पिवळ्या पट्ट्याची भीती वाटते?"

मनूने खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाबा, राणीचा बेल्ट कोणत्या रंगाचा होता?"

बाबांनी तिला कुल्फी घेऊन दिली.

रविवार उजाडला. आधी गणेश मंदिर, ज्या देवळात बाईसाहेबांचं लग्न लागलं तेच. मग हातावर दही-साखर. परीक्षा आठला, हे सव्वासहाला हजर. दार उघडायला आलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी 'आमचा नंबर कितवा' असंही विचारून घेतलं. पालकांना आत मज्जाव होता, म्हणून सगळे आया-बाप कडुनिंबाखाली बसले. मनूचे बाबा खिडकीशी उभे राहिले. गज धरून.

आत परीक्षक मांडी घालून बसलेले. शांत, सडपातळ गृहस्थ. आधी तोंडी. त्यांनी विचारलं, "किसी से झगड़ा हो तो पहला वार कौन करेगा?" कराटेत पहिला वार आपला नसतो, ही फुनाकोशींची शिकवण वहीच्या तिसऱ्याच पानावर होती. मनूने बरोबर उत्तर दिलं. खरं तर या एका मुद्द्यावर बाबांचा जपान्यांशी मतभेद होता ('म्हणजे आधी मार खायचा?'), पण परीक्षेपुरता त्यांनी तो गिळला होता.

मग काता. मनू उभी राहिली, वाकली, डावीकडे वळली. खिडकीबाहेर बाबा डावीकडे वळले. तिने पाऊल टाकलं, यांनी टाकलं, आणि कडुनिंबाखालच्या एका डब्याला लाथ बसली. पोह्यांचा डबा होता तो. नववी हालचाल आली. मनूने किआई दिली, पोरसवदा, जरा लाजरी. आणि त्याच क्षणी खिडकीतून अशी आरोळी आली की कडुनिंबावरची साळुंकी उडाली, पहारेकरी धावत आला आणि आतल्या लहान मुलांतल्या एकाने रडायला सुरुवात केली. परीक्षकांनी मान वर केली. मनू थांबली नाही. ती दहाव्या हालचालीला गेली होती. पुढचे सगळे वळसे तिने कुणाकडेही न पाहता घेतले, सतराव्याला स्वतःच्या आवाजात ओरडली, अगदी मोठ्याने, आणि जिथून निघाली होती तिथे, बोटभर इकडेतिकडे, येऊन उभी राहिली. मला विचाराल तर ती पिवळ्याच्या पुढची होती.

अकरा वाजता निकाल. सगळे पास. मुलं नाचली, आयांनी फोटो काढले. मनूचे बाबा तेवढे गंभीर.

"सगळे?" त्यांनी सरांना विचारलं.

"जी, सभी."

"मग पहिली कोण आली?"

सरांनी सांगितलं की असा नंबर लावत नाहीत. गुणपत्रिका मिळेल का? नाही. निदान टक्के? सर नम्रपणे हसत राहिले. वहीतली 30-40-20-10 ची मांडणी कुणीच विचारली नाही याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. पुण्याच्या भावाला फोन करायचा होता, आणि त्या भावाचा मुलगा ब्राउन बेल्ट आहे, त्याला नुसतं 'पास' कसं सांगणार? त्यातून पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमधून कराटेच वगळलेलं. तो घाव तर जुनाच.

तेवढ्यात परीक्षक बाहेर आले. त्यांनी मनूच्या कमरेचा पट्टा आपल्या हाताने बांधला, टोकं मोजली नाहीत, आणि मग बाबांकडे वळून म्हणाले, "भाईसाहब, किआई आपकी बढ़िया है. अगली बार आप भी बैठ जाइए."

हा विनोद होता. कडुनिंबाखालच्या सगळ्यांना तो कळला. मनूच्या बाबांनी मात्र खिशातून पेन काढलं. मोठ्यांना वयाची अट आहे का, फी तीच का, तोंडी परीक्षेत सूट मिळते का, सगळं विचारून वहीच्या नव्या पानावर समास आखून लिहून घेतलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "ड्रेस आजच बघून येऊ. मापाचाच घेऊ, मला काही वाढत्या अंगाचा नको."

काकूंनी त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "वाढत्याच घ्या."